खामगावची तार आणि मुंबईचा सर्व्हर

थ्रेड. विषय आजचा आहे. सुरुवात मात्र १८७० पासून करावी लागेल.

बुलढाणा जिल्ह्यातील एखादा तरुण रात्री मोबाइलवर नेमबाजीचा खेळ खेळत आहे, अशी कल्पना करा. शत्रू दिसतो, नेम धरला जातो, गोळी सुटते. आणि पडद्यावर तो स्वतःच कोसळतो. त्याचा हात मंद नव्हता. त्याची गोळी सुटल्याची वर्दी सिंगापुरातील सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधी प्रतिस्पर्ध्याची गोळी तेथे नोंदली गेली होती, इतकेच. वर्दी जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या या काळाला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

तेव्हा दूरच्या खेळाडूंसाठी त्यांच्या प्रदेशात सर्व्हर ठेवणे हे खेळ चालविणाऱ्या कंपनीचे कर्तव्य मानावे काय? निवाडा दूर कोठेतरी होतो आणि त्याची वार्ता एकाला आधी, दुसऱ्याला नंतर कळते, ही परिस्थिती बुलढाण्याच्या मातीला मुळीच नवी नाही.

खामगावकडे पाहू. आज हे गाव चांदीच्या व्यापारासाठी ओळखले जाते. दीडशे वर्षांपूर्वी त्याचे नाव कापसामुळे झाले होते. (काटेकोर वाचकांसाठी : तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याकडे आले.) अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगाव या मार्गापासून थोडे बाजूला पडले होते. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा खास फाटा बांधण्यात आला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. तेरा किलोमीटरच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉय! जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही, हे येथे सहज आठवते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने रेल्वेहून महत्त्वाची होती ती तार. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई व लंडन सागरी तारेने जोडली गेली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला होता. आता लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदविली, तर वऱ्हाडचा कापूस सुमारे सहा आठवड्यांत तेथील धक्क्यावर उतरू शकत होता. एके काळी हाच कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून कित्येक आठवडे रखडत बंदरापर्यंत जाई. वऱ्हाड व मध्य प्रांताचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याला खामगाव आणि लिव्हरपूल जवळजवळ एकाच क्षणी बोलू लागल्याचे मोठे अप्रूप वाटत होते.

ते खरेच अप्रूप होते. मात्र तार वेगवान झाली म्हणून निवाड्याची जागा हलली नाही. कापसाचा भाव लिव्हरपूललाच ठरत राहिला. खामगावला तो फक्त लवकर कळू लागला. तोही प्रथम कोणाला? तारेचे पैसे मोजू शकणाऱ्याला. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्यांचे प्रतिनिधी खामगावच्या बाजारात खरेदी करीत. भाव चढल्याची वा पडल्याची वार्ता त्यांच्या हाती असे, आणि गाडी जुंपून बाजारात आलेला कुणबी कालच्या भावाच्या आठवणीवर सौदा करी. आजच्या भाषेत, एकाच सामन्यात एकाचे पिंग अल्प आणि दुसऱ्याचे अफाट. माझ्या मते, प्रादेशिक सर्व्हरच्या वादात हा भेद पहिल्यांदा ध्यानात घ्यावा. दूरच्या सर्व्हरपर्यंतची वाट वेगवान करणे ही एक गोष्ट आणि सर्व्हर जवळ आणणे ही दुसरी.

आता खऱ्याखुऱ्या खेळाकडे येऊ. दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची सर्वांत सभ्य परंपरा बुद्धिबळाची. टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात पत्र वाटेत असतानाचा काळ कोणाच्याही खात्यावर मांडला जात नाही. पत्र हाती पडल्यापासून उत्तर धाडीपर्यंतचेच दिवस मोजतात. म्हणजे अंतराचा भार खेळाडूवर टाकायचा नाही, ही न्यायाची कल्पना फार जुनी. पुढे तारेने सामने होऊ लागले. १८९७ मध्ये ब्रिटनचे हाउस ऑफ कॉमन्स आणि अमेरिकेचे प्रतिनिधीगृह यांच्या सभासदांत अटलांटिक महासागराखालच्या तारेवरून सामना झाला आणि तो अडीच-अडीच गुणांनी बरोबरीत सुटला. एका चालीला काही मिनिटे मिळत असता तारेचा विलंब कोणाला खटकणार?

मुंबईत मात्र तारेवरचा एक वेगळाच खेळ चाले, आणि तो सभ्य नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होता भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येई. त्या आकड्यांवर शहरात पैसे लागत. हा जुगार होता, बेकायदा होता, आणि त्यात घरेदारे बुडाली. तरी इतिहास म्हणून तो नजरेआड करता येत नाही. खेळणारे मुंबईत आणि निकाल अमेरिकेत, अशी त्याची रचना होती. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे आकडे येणे थांबले, तेव्हा खेळ चालविणाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा येथेच ठरविण्यास सुरुवात केली. ‘मटका’ हे नाव त्या मडक्यावरून. विनोदाने म्हणायचे तर मुंबईचा हा पहिला स्थानिक सर्व्हर!

संगणकावरील खेळांचा प्रश्न येथून वेगळा होतो, कारण येथे हिशेब मिनिटांचा नाही. माणसाने दृश्य पाहून बोट हलविण्यास साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बुलढाण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर. जाऊन येण्यास चारएक मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येण्यास किमान चाळीस. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, किमान बहात्तर. हे आकडे निसर्गाने घातलेली मर्यादा आहेत. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रे थांबवितात, आणि आकडा दीडपट-दुप्पट होतो. ‘व्हॅलोरंट’ या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाचा आढावा घेतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. सिंगापूरला जाऊन येण्यातच असे पाच आढावे निघून जातात. कितीही पैसा ओतला तरी प्रकाशाला याहून घाई करता येत नाही.

अभियंत्यांनी यावर टपाली बुद्धिबळासारखाच तोडगा शोधला होता. १९९६ च्या अखेरीस जॉन कारमॅक यांच्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये खेळाडूचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता त्याची हालचाल तत्काळ दाखवू लागला. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांत आणखी एक युक्ती वापरली. तिचे विवेचन यान बर्नियर यांनी २००१ मध्ये केले. गोळीची वर्दी आली की सर्व्हर काळ थोडा मागे नेतो, गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते तपासतो आणि मग निवाडा करतो. प्रवासाचा काळ खेळाडूच्या खात्यावर मांडायचा नाही, हेच ते जुने तत्त्व.

पण टपाली बुद्धिबळात ही सवलत कोणाच्याही मुळावर येत नव्हती. येथे येते. दूरच्या खेळाडूने आपल्याला पाहिले तेव्हा आपण उघड्यावर होतो. आता भिंतीआड पोहोचलो आहोत. सर्व्हर काळ मागे नेतो आणि आपण भिंतीआड असूनही मरतो. दूरच्याला दिलेला न्याय जवळच्याकडून वसूल होतो. म्हणून प्रादेशिक सर्व्हर हा केवळ दूरस्थांवरचा उपकार आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब पुन्हा करून पाहावा. दूरचा खेळाडू आपल्या प्रदेशात नीट खेळू लागला, तर सिंगापूरच्या खेळाडूचाही सामना सुधारतो.

भारतातील कथा थोडक्यात अशी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेगावर असा खेळ खेळणे म्हणजे दिवास्वप्नच. पुढे वेग वाढला, पण वाटा विचित्र होत्या. एकाच शहरातील दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील संदेशही परदेशी फेरी मारून येत असत. ती फेरी टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ हे राष्ट्रीय विनिमय केंद्र स्थापन झाले. २०१६ च्या जूनमध्ये ॲमेझॉनने आपली संगणक-भाड्याची सेवा मुंबईतून सुरू केली. याचे महत्त्व खेळाडूंच्या सहसा ध्यानात येत नाही : आता खेळ कंपनीला मुंबईत इमारत बांधण्याची गरज उरली नाही, सर्व्हर तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागला. त्याच सप्टेंबरात जिओ आले आणि खेड्यापाड्यांत स्वस्त डेटा पोहोचला. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. त्यावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ म्हणून परतला. ‘व्हॅलोरंट’ने २०२० मध्ये मुंबईत सर्व्हर दिला. मुंबईच का? देशात येणाऱ्या सागरी केबलांपैकी बहुतेक मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. १८७० ची तारही मुंबईलाच लागली होती.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे पोकळ नाही. सर्व्हर वाढले की खेळाडू विभागले जातात. ‘पबजी’सारख्या खेळाच्या एका फेरीला शंभर माणसे लागतात. त्यातही समान कौशल्याची हवीत, आणि पहाटे तीन वाजताही हवीत. ती जमली नाहीत तर जवळचा सर्व्हर म्हणजे आडगावचा ओस पडलेला बाजार : वाट थोडक्याची, पण गिऱ्हाईकच नाही. पातूर-बाळापूरकडची कापसाची गाडी जवळचा लहान बाजार सोडून खामगावला जाई, याचे कारण हेच. मोठा बाजार दूर असला तरी तेथे चार खरेदीदार भेटत. एखाद्या लहान कंपनीने जगभर सर्व्हर मांडावेत, अशी अपेक्षा म्हणूनच अन्याय्य ठरेल.

भारताच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही. येथे गर्दी आहे आणि कंपन्या त्या गर्दीकडून रुपयांत वसुली करीतच आहेत. ज्या प्रदेशात आपण दुकान मांडले आणि ज्याच्या खेळाडूंनी सामने भरतात, तेथे सर्व्हर ठेवणे हे कर्तव्यच होय, असे माझे मत आहे. जेथे गर्दी नाही, तेथे निदान कोणता सर्व्हर आपल्याला मिळाला आणि त्याचे पिंग किती, हे खेळाडूला सामन्यापूर्वी दिसावे आणि नको असल्यास दुसरा निवडता यावा. खामगावच्या कुणब्याला हीच माहिती मिळत नव्हती.

आणखी एक लाभ संकटकाळी कळतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट लंगडे झाले. निवाडा परदेशात होत असेल, तर अशा दिवशी खेळ बंद पडतो. मुंबईत होत असेल, तर भूमध्य समुद्रात काय तुटले याची खेळाडूला गंधवार्ताही नसते.

शेवटी बुलढाण्याच्या मित्रांसाठी. मुंबईला सर्व्हर आला म्हणून तुमचे पिंग चार मिलिसेकंदांवर येणार नाही. मोबाइल आणि टॉवर यांच्यामधल्या हवेतच कित्येकदा वीस-तीस किंवा अधिक मिलिसेकंद जातात, आणि रात्री नऊच्या सुमारास सारे गाव एकाच टॉवरवर आले की आकडा शंभरीकडे झेपावतो. कंपनीच्या जाळ्यातून संदेश आधी भलत्याच शहरी जाऊन मग मुंबईकडे वळतो, असेही घडते. घरात फायबरची जोडणी असेल आणि वायफायऐवजी तारेने संगणक जोडला असेल, तर फरक लगेच दिसतो. मुख्य मार्ग जवळून गेला तरी तेवढ्याने खामगावचे भागले नव्हते; जलंबचा तो तेरा किलोमीटरचा फाटा वेगळा बांधावा लागला होता.