रात्रीचा पाऊस कोण मोजतो?

उमरठात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की ते तानाजी मालुसऱ्यांवर असणार, असं सगळे धरूनच चालतात. त्यात गैर काही नाही, समाधी इथेच आहे. आजचा विषय मात्र पावसाचा आहे. मुसळधार रात्री घरात बसून पावसावर पाळत ठेवणाऱ्या माणसांचा. तरीही सुरुवात आम्ही तानाजींपासूनच करतो, कारण डोंगरावरची रात्रीची बातमी लांबच्या माणसाला कशी कळते, हाच आपला आजचा प्रश्न आहे.

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. कोंढाणा हाती आला. सभासद बखरीत असं येतं की गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड राजगडावरून दिसला. म्हणजे मधल्या दऱ्याखोऱ्या ओलांडून बातमी पोचली ती उजेडाने, काही क्षणांत. माघातली कोरडी हवा होती म्हणून हे जमलं. आता हाच प्रसंग आषाढातल्या रात्रीत नेऊन बघा. धुकं, वारा, सरीवर सर. समोरच्या घरातला दिवा दिसत नाही, तिथे डोंगरावरचं काय दिसणार? आणि आपल्याकडे खरा धोका डोंगरावरूनच येतो, तोही याच दिवसांत.

भूगोल तुम्हाला आम्ही सांगायला नको, पण जे लांबून ऐकतायत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिथली उंची साधारण साडेतेराशे मीटर. तिथून ती पोलादपूरकडे उतरते, मग महाड, दासगाव आणि पुढे बाणकोटची खाडी. महाडपर्यंत भरती जाणवते. म्हणजे एका टोकाला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस घेणारा माथा, दुसऱ्या टोकाला समुद्राचं पाणी, आणि मधला उतार इतका खडा की माथ्यावरचं पाणी काही तासांत खाली येतं. खाली भरती असेल तर ते तुंबतं. महाडची माणसं म्हणूनच दोन गोष्टी विचारतात: वर किती पडतोय, आणि भरती कधी आहे? भरतीची वेळ तिथीवरून निघते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर रात्री कोण देणार?

सरकारी पर्जन्यमापक आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांची गोष्ट मोठी रंजक आहे. तहसील कचेरीच्या आवारात जे पाच इंच तोंडाचं नरसाळ्याचं भांडं वर्षानुवर्षं दिसायचं, ते सायमन्सचं. जॉर्ज जेम्स सायमन्स हा लंडनचा गृहस्थ. १८६० पासून त्याने ब्रिटनभर हौशी पाऊस-मोजणारे गोळा केले. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, घरच्या बायका. पगार कोणालाच नाही. अंगणात भांडं ठेवायचं, रोज वाचायचं आणि आकडा सायमन्सला पाठवायचा. १९०० साली तो वारला तेव्हा अशी माणसं तीन हजारांहून अधिक झाली होती. म्हणजे ज्या भांड्याला आपण सरकारी समजतो, त्यावर नाव आहे ते हौशी लोकांच्या म्होरक्याचं!

आपल्याकडे ते भांडं सरकारच्या आवारात आलं. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, दुष्काळ आणि सारा या दोन्ही काळज्या सरकारला होत्या, त्यामुळे पाऊस मोजणं हे कारकुनी काम झालं. दिवसाचा पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची. आधीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. शेतीसाठी, धरणासाठी, दुष्काळ ठरवण्यासाठी हे अगदी योग्य आहे, त्यात आम्हाला खोट काढायची नाही. पण हा आकडा रात्र संपल्यावर तयार होतो. रात्री दोन वाजता जागा असलेल्या माणसाचा त्या वहीशी काही संबंध नाही.

जुन्या माणसांकडे नक्षत्रं होती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. आता तारखा लावून बघा. पुष्य नक्षत्र साधारण २० जुलैला लागतं आणि ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपतं. २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी आल्या त्या २५-२६ जुलैला. सावित्रीवरचा पूल गेला २ ऑगस्ट २०१६ ला. तळिये गेलं २२ जुलै २०२१ ला. तिन्ही म्हाताऱ्या पावसात! यात चमत्कार काही नाही. दीड महिना भिजून जमीन तुडुंब झालेली असते, आणखी पाणी तिच्या पोटात मावत नाही. पंचांगाने पंधरवडा सांगितला, तोही बरोबर सांगितला. नेमकी रात्र सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

२००५ ची गोष्ट मुंबईच्या नावाने ओळखली जाते. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीची सर. त्या गदारोळात महाड तालुक्यातल्या चार गावांत दीडशेहून अधिक माणसं दरडीखाली गेली, हे राज्याच्या आठवणीत दुय्यम राहिलं. आम्हाला ही गोष्ट अजून खटकते. असो. मुंबईला तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. ते काही वर्षांनी कुलाब्याला आलं, आणि त्याची चित्रं कोणालाही घरबसल्या बघता यायला लागली.

इथून हौशी लोकांचा खरा काळ सुरू होतो. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, साताऱ्यात माणसं मोबाइलवर रडारचं चित्र उघडून बसायला लागली. पिवळा, तांबडा पट्टा कुठे सरकतोय, उपग्रहाच्या चित्रात ढगाचा माथा किती थंड आहे, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे का, यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत चर्चा. त्यात शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, कॉलेजची पोरं आहेत. कोणी गच्चीवर स्वतःचं छोटं हवामान केंद्र बसवलंय, कोणाकडे प्लास्टिकचं भांडं आणि पट्टी. घरचे म्हणतात, पाऊस काय तुम्ही जागल्याने थांबणार आहे का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हा नाद ओळखीचा आहे, फक्त तिथे तो बर्फाचा असतो. हिमवादळाच्या रात्री फळी बाहेर ठेवायची, तासातासाने पट्टी लावून बघायची. बर्फाची एक सोय असते, ते सकाळपर्यंत दारात थांबतं. पाऊस थांबत नाही, वाहून खाली कोणाच्या तरी घरात शिरतो. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी आणि रात्री असंच झालं. गावाच्या एका भागात प्रचंड पाऊस, दुसऱ्या भागात किरकोळ. पाच माणसं गेली. मोजणाऱ्यांची जागा चुकली तर पूरसुद्धा दिसत नाही, हे तिथल्या हवामानाच्या अभ्यासकांना कळलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घरोघरी भांडी ठेवून स्वयंसेवकांचं जाळं उभारलं. आज ते देशभर आहे. सायमन्सचीच पद्धत, सव्वाशे-दीडशे वर्षांनी पुन्हा.

आता आपल्या डोंगराकडे परत येऊ, कारण इथे एक विचित्र गोष्ट आहे. महाबळेश्वरचा पाऊस रोज मोजला जातो, छापला जातो, वाचला जातो. कोयना, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावं पावसाळ्यात वर्तमानपत्रात एका ओळीत येतात. साताऱ्या-सांगलीकडचे हौशी लोक तो आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा वाचतात. का? कारण पूर्वेला कोयनेचं धरण आहे. त्या पाण्याची वीज होते, शेती होते, त्याचा हिशेब ठेवावाच लागतो. त्याच ढगातलं जे पाणी पश्चिमेला कड्यावरून सावित्रीत पडतं, त्याचा असा रोजचा हिशेब कोणी मागत नाही. सावित्रीवर कोयनेसारखं मोठं धरण नाही. जे पाणी विकायचं किंवा साठवायचं नसतं, त्याची वही कोण ठेवणार? आमच्या मते उमरठच्या, पोलादपूरच्या, महाडच्या पुराच्या इतिहासात ही गोष्ट मध्यभागी असायला हवी.

२०२१ मध्ये काय झालं बघा. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला महाबळेश्वरचा चोवीस तासांचा आकडा आला: ५९४ मिलिमीटर. हवामान खात्याच्या भाषेत २०४ च्या वर गेलं की अतिमुसळधारची शेवटची पायरी, आणि हा आकडा त्याच्या जवळजवळ तिप्पट. एका गुंठ्याचा हिशेब केला तर साठ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, एकेका गुंठ्यावर, एका दिवसात. त्या रात्री ज्यांनी स्क्रीनवर पाळत ठेवली त्यांना काहीतरी भयंकर चाललंय हे कळत होतं. पण तो पूर्ण आकडा छापायला तयार झाला तेव्हा महाड पाण्यात होतं. तळियेची वाडी आदल्या दिवशीच गेली होती, ऐंशीहून अधिक माणसांसकट. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली होती. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर दरडी. तळियेपर्यंत मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पुण्यातल्या माणसाला तांबडा पट्टा दिसत होता. ज्याच्या डोक्यावर तो होता त्याचा फोन बंद होता.

रडारलाही मर्यादा आहे, ती हौशी मंडळींनी लक्षात ठेवावी. कुलाब्यापासून महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा तिथे पोचेपर्यंत दोन किलोमीटरहून उंच गेलेला असतो. सह्याद्रीच्या कड्यावर अडून पडणारा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. चित्रात फिकट हिरवं दिसतं आणि खाली पऱ्याला लोंढा असतो. २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर महावेधची स्वयंचलित केंद्रं उभी राहू लागली, हे चांगलंच झालं. पण एका मंडळात कितीतरी वाड्या असतात, आणि मघाशी सांगितलेलं कुलाबा-सांताक्रूझ आठवा.

म्हणून जागं असलेलं माणूस अजून लागतं. २०१६ च्या त्या रात्री, साडेअकराच्या सुमारास, ब्रिटिश काळातला पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हा जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं आणि त्याने पुढे येणारी वाहनं अडवली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर रात्री दरड आली, तेव्हाही शाळेत झोपायला गेलेली, मोबाइलवर जागी असलेली पोरं आधी सावध झाली असं छापून आलं. रडार, उपग्रह यांतलं काही त्या क्षणी तिथे नव्हतं. कोणीतरी जागं होतं, एवढंच.

दरडीला स्वतःची लक्षणं असतात. घरामागचा झरा एकदम गढूळ होतो किंवा एकाएकी आटतो, जमिनीला भेग पडते, झाडं कलतात, दारं-खिडक्या चौकटीत घट्ट बसतात. ही लक्षणं वाडीतल्या बाईला पुण्यातल्या हौशी माणसाच्या कितीतरी आधी दिसतात. त्याच्याकडे तासाचा पाऊस आहे, तिच्याकडे झऱ्याचा रंग. या दोन नोंदी एकत्र आल्याचं आमच्या वाचनात अजून आलेलं नाही.

शेवटी एक विनंती करून थांबतो. आम्ही या खोऱ्यातल्या पावसाच्या घरगुती नोंदी गोळा करतोय. पंचांगाच्या समासात लिहिलेलं, शाळेच्या वहीत, दुकानाच्या खतावणीत, पुराचं पाणी कुठवर आलं त्याची भिंतीवरची खूण, फोनमधले वेळेसकट राहिलेले निरोप, काहीही चालेल. २००५ चं असेल तर फारच उत्तम. त्या रात्री किती वाजता जाग आली आणि पहिल्यांदा काय ऐकू आलं, एवढं सांगितलंत तरी आम्ही लिहून घेऊ. चहा तयार आहे असं दिसतंय. वह्या घेऊन मागच्या टेबलाशी बसलोय.