मशीनवरची नक्षीटीप

घरगुती शिलाई मशीनवर पाने, वेली, कंगोरे, साखळ्या अशा नमुन्यांची ओळ उमटवणारी टीप. शिवणवर्गात आणि दुकानात तिला ‘डिझाइन स्टिच’ किंवा ‘फॅन्सी टीप’ म्हणतात. मशीन-भरतकामाहून ती वेगळी आहे. भरतकामात कापड रिंगमध्ये ताणून चित्र भरतात. नक्षीटिपेत कापड साध्या शिलाईसारखेच फूटखालून सरकते आणि एकच नमुना रेघेत पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे काठ, पट्टी, जोड, खिशाची कड, अॅप्लिकच्या तुकड्याची किनार या तिच्या खऱ्या जागा. मोकळ्या कापडाच्या मधोमध ओढलेली एकटी ओळ बहुधा उपरी दिसते.

साध्या टिपेत सुई फक्त वर-खाली होते आणि खालचे दात कापड पुढे नेतात. नक्षीटिपेत सुई कापडाबाहेर असताना डावी-उजवीकडे झुलते. काही नमुन्यांत दात कापड मागेही ढकलतात. सर्वांत सोपे रूप म्हणजे झिगझॅग. साडीला पिको करून घेतलेल्या प्रत्येकीने ते दाट स्वरूपात पाहिलेले असते. झिगझॅग मशीनचे पेटंट अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड यांनी १८७३ मध्ये घेतले, पण घरोघरी नक्षी पोहोचली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. स्वित्झर्लंडच्या एल्ना कंपनीने १९५२ मध्ये आणलेल्या ‘सुपरमॅटिक’मध्ये बदलता येणाऱ्या चकत्या होत्या. चकतीच्या कडेवरचे उंचसखल भाग एका दांडीला ढकलत आणि दांडी सुईला झुलवी. चकती बदलली की नमुना बदले. पुढे या चकत्या मशीनच्या पोटात बसल्या आणि बाहेर डायल आला. सिंगरच्या १९७५ मधल्या ‘अथेना २०००’पासून हे काम इलेक्ट्रॉनिक भागांकडे जाऊ लागले. भारतात उषा-जानोमेची डायलवाली मशीन अनेक घरांत दिसतात. त्यांवरचे मोजके नमुने घरच्या कामाला पुरेसे असतात. नमुन्यांच्या आकड्यावर मशीनची किंमत करू नये.

नमुन्यांचे ढोबळ दोन गट पडतात. साटीन गटात टाके एकमेकांना चिकटून बसतात, टिपेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, दोरा भरपूर लागतो आणि कापडावर ताण येतो. पिसारा, मधाचे पोळे, ब्लँकेट अशा मोकळ्या नमुन्यांत कापड दिसत राहते. सुती, वारंवार धुतल्या जाणाऱ्या वस्तूंना मोकळे नमुनेच अधिक शोभतात आणि अधिक टिकतात.

उशीच्या अभ्र्यावर ही टीप शिकावी, कारण तिथे रेघ सरळ असते आणि चूक सुधारता येते. कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. अभ्रा एकाच तुकड्याचा, साधारण ९२ सेंटिमीटर रुंद धरू. तोंडाकडची सुमारे ८ सेंटिमीटरची दुमड इस्त्रीने बसवून कच्चा धावदोरा घालावा. नक्षी बाजूची शिवण घालण्याआधी, कापड सपाट असतानाच करावी. नळी झालेल्या अभ्र्यावर नमुन्याचे शेवटचे टोक पहिल्याशी जुळवावे लागते. सपाट कापडावर ती दोन्ही टोके शिवणीत जातात. दुमडीच्या आतल्या कडेपासून ५ मिलिमीटर दुमडीच्या बाजूला, सुलटीकडे खडूची रेघ मारावी. सुई कधी दुहेरी तर कधी एकेरी कापडावर पडली की ओळ हमखास चुरगळते, म्हणून नमुन्याची संपूर्ण रुंदी दुहेरी भागावर राहिली पाहिजे.

खरे काम त्याआधी, त्याच कापडाच्या तशाच दुमडलेल्या नमुनापट्टीवर होते. एक नमुना १५ मिलिमीटरचा असेल, तर शिवणीत जाणारा भाग सोडून उरलेल्या ९० सेंटिमीटरमध्ये ६० नमुने बसतात. प्रत्येकात अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी शेवटी ३ सेंटिमीटरची तफावत होते. म्हणून पट्टीवर दहा नमुने शिवून मोजावेत आणि मग टिपेची लांबी किंचित बदलावी. वरच्या दोऱ्याचे टेन्शन थोडे सैल ठेवावे, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही. पट्टीवर नमुन्याचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि टेन्शन पेनने लिहून ती जपून ठेवावी. अशा पट्ट्यांची वही कोणत्याही पुस्तिकेपेक्षा उपयोगी पडते, कारण त्यात आपले मशीन आणि आपले कापड असते.

साटीन नमुना पातळ कापडावर घातला की दोन्ही कडा आत ओढल्या जाऊन मधे उभार येतो. त्यावर उपाय खालून आधार देण्याचा: फ्यूजिंग, पातळ बकरम, किंवा नंतर फाडून काढता येईल असा साधा कोरा कागद. वर्तमानपत्र वापरू नये, शाई लागते. साटीनसाठी तळाला खोबण असलेले फूट बसवावे; सपाट फूट दाट टाक्यांच्या उंचवट्यावर अडते आणि सगळे टाके एकाच जागी साचतात. सरळ टिपेचे एका बारीक भोकाचे फूट असताना नक्षी निवडली, तर सुई त्यावर आपटून मोडते. नवा नमुना लावल्यावर हाताने चाक फिरवून सुई दोन्ही बाजूंना मोकळी जाते का, हे पाहावेच.

शिवताना कापड ओढू नये, फक्त दिशा द्यावी. दात मागे ढकलत असताना हाताने पुढे खेचले की पान अर्धवट उघडे राहते. दोन ओळी शेजारी हव्या असतील तर दोन्ही एकाच टोकाकडून सुरू कराव्यात. उलटसुलट शिवल्यास काठ तिरका होतो. शेवटी उलट टीप मारल्यास नक्षीवर गाठोळा दिसतो, त्यासाठी दोरे मागे ओढून गाठ मारणे बरे.

घरात फक्त सरळ टिपेचे काळे मशीन असेल तरी नक्षी अशक्य नाही. फूटच्या जागी बसणारे झिगझॅगचे जोडसाधन सुईऐवजी कापडच डावी-उजवीकडे हलवते. शिवाय बॉबिनवर जाड भरतदोरा गुंडाळून, बॉबिनकेसचा स्क्रू थोडा सैल करून आणि कापड उलटे ठेवून साधी लांब टीप मारली, तर सुलटीकडे ठसठशीत दोरीकाम उठते. नक्षी कोणतीही असो, धुतल्यानंतर इस्त्री मात्र उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी. वरून दाबल्यास टाके चपटे होतात.