सावंतवाडीच्या गंजिफांची कुळकथा

गोल पत्ते पिसता येत नाहीत. चौकोनी कॅट हातात घेऊन फर्रकन पिसण्याची ऐट इथे चालत नाही. पांढरी चादर अंथरायची, सगळी पाने तिच्यावर उपडी टाकायची, दोन्ही हातांनी नीट कालवायची आणि मगच वाटायला घ्यायची. दशावतारी गंजिफांची पाने १२० आणि खेळणारे तिघे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० पाने. ती हातात धरण्यातच नवख्याचा अर्धा जीव जातो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आज या गंजिफा मिळतात. पर्यटक त्या घेतात, चौकटीत बसवतात, कुणाला लग्नात भेट देतात. खेळत मात्र फारसे कोणी नाही. ही वस्तू मुळात डाव मांडण्यासाठी जन्मली होती, हे तिच्या देखणेपणात झाकले गेले आहे.

गंजिफा इराणकडून आल्या. हिंदुस्थानातला त्यांचा लवकरचा पक्का उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधमधल्या शाह हसनला पत्त्यांचा फार नाद होता, त्याने ते मागितले आणि बाबराने १५२७ साली माणसाकरवी धाडले. लढाया, वेढे आणि बागा यांच्या नोंदींमध्ये बाबराने या भेटीलाही जागा दिली, यावरून त्या दरबारात पत्त्यांची काय किंमत होती ते कळते.

अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त गंजिफांचे सविस्तर वर्णन केले. तिथला जुना खेळ बारा रंगांचा, १४४ पानांचा. प्रत्येक रंगाचा एकेक धनी: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती अशी ती माळ थेट अहिपतीपर्यंत, म्हणजे नागांच्या राजापर्यंत जाते. नावे संस्कृत वळणाची, नोंद फारसीत आणि खेळ बादशहाच्या महालात. या पत्त्यांनी हिंदुस्थानी वेश किती लवकर चढवला होता, हे तेवढ्यावरून दिसते. पुढे जास्त रुळला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली संच: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. बादशाहीचा सगळा कारभारच त्यात आला. मुकुट, चांदीचे नाणे, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचे नाणे, फर्मान आणि मालाचे गाठोडे.

हिंदू दरबारांत हा खेळ शिरला तेव्हा कारभाराची जागा विष्णूने घेतली. आठाचे दहा रंग झाले आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतार एकेका रंगाचा राजा बनला. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, कल्कीच्या पानांवर तलवारी. काही रंगांच्या खुणा प्रांतागणिक बदलतात. ओडिशात नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येऊन बसला. बंगालमध्ये मल्ल राजांच्या विष्णुपूरलाही दशावतारी पत्ते होतेच, आणि म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर हौसेने रंग वाढवत वाढवत एक खेळ ३६० पानांवर नेला. इतकी पाने सांभाळायला महाराजांइतकीच फुरसत हवी.

खेळाची रचना मात्र मूळचीच राहिली. प्रत्येक रंगात राजा, त्याच्याखाली प्रधान आणि एक ते दहा अशी साधी पाने. गंमत या साध्या पानांत आहे. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका, उरलेल्या पाचांत नेमके उलटे. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाच्या. मोगली संचातही हेच, फक्त तिथे दिवस सुर्खाचा आणि रात्र सफेदाची. आपल्याला ब्रिजमुळे जो हुकूम ठाऊक आहे, तो यात नाही. रंगातले शिल्लक असलेले सर्वांत वरचे पान तोच त्या घटकेचा हुकूम. म्हणजे दहा रंगांत काय पडले नि काय उरले, हे सतत डोक्यात ठेवायचे. नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा हा खेळ आहे. देवाची चित्रे हाताळल्याने पुण्य लागते, असे जुनी माणसे म्हणत. मला त्यात पुण्याइतकीच पळवाटही दिसते: जुगाराच्या आरोपातून सुटायला दहा अवतारांपेक्षा सज्जड जामीन कुठला मिळणार?

आता सावंतवाडी. गावाचे जुने नाव सुंदरवाडी, राज्य सावंत-भोसल्यांचे. तिसरे खेम सावंत १७५५ पासून १८०३ पर्यंत गादीवर होते. शिंद्यांच्या घराण्याशी त्यांची सोयरीक झाली आणि दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब आला. तो कोल्हापूरकरांना सोसला नाही आणि त्यावरून लढाई जुंपली. पोर्तुगीजांशीही वैर होतेच. त्यात डिचोली आणि सत्तरी हातचे गेले, मागोमाग १७८८ मध्ये पेडणेही. या धामधुमीतल्या राजाच्या दरबारी धर्मचर्चेसाठी तेलंगणातून विद्वान ब्राह्मण येत, त्यांच्याकडून महाराजांना गंजिफा कळल्या आणि त्यांनी आपल्या चिताऱ्यांना त्या करायला लावल्या, असे सावंतवाडीत सांगतात. ही परंपरा मला पटण्यासारखी वाटते. मोगली खेळ दख्खनेत मुरला होता, आणि दशावतार तर या मुलखाच्या रक्तातला. कोकणातल्या जत्रांत रात्र-रात्र दशावतारी नाटके रंगतात. ज्या गावकऱ्याने मंदिरापुढच्या मांडवात शंकासुर नाचताना पाहिला, त्याला पत्त्यांवरचे अवतार समजावून सांगावे लागले नसतील.

काम चितारी करत. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळले की वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल चकत्या कापायच्या, रंगवायचे आणि लाखेचा हात द्यायचा. श्रीमंतांसाठी हस्तिदंताचे आणि कासवाच्या पाठीचेही संच होत. त्यांना दरबारी म्हणत, साध्यांना बाजारी. चिताऱ्याचे पोट काही फक्त पत्त्यांवर चालत नव्हते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, देव्हारे, पाट, रंगीत फळे-भाज्या हेही त्याच हातांचे काम. सावंतवाडीची चितार आळी आजही ओळखली जाते ती या लाकडी खेळण्यांनी.

मग छापील पत्ते आले. बावन्न पाने, चार रंग, किंमत नाममात्र, फाटले तर फेकून द्या. हाताने रंगवलेल्या १२० चकत्यांचा त्यांच्यापुढे निभाव लागणे शक्यच नव्हते. खेळ सुटला तसे गिऱ्हाईक सुटले आणि चिताऱ्यांच्या पुढच्या पिढ्या खेळण्यांकडे वळल्या. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले तेव्हा राजाश्रयही संपला.

१९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी शोध घेतला, तेव्हा गंजिफा करू जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांची लेक. त्यांनी स्वतः या वृद्ध कारागिराकडून काम शिकून घेतले, राजवाड्यात तरुणांना बसवले, त्यांच्याकडून संच करून घेतले. नुसत्या पत्त्यांवर कारखाना चालणार नाही हे ओळखून गंजिफांची चित्रे पेट्यांवर, पाटांवर, फर्निचरवर आणली. कारागीर टिकला तो त्यांच्या या व्यवहारी बुद्धीमुळे. राजघराण्यांनी जुन्या कला जगवल्याच्या कथा आपण खूप ऐकतो. त्यांत बहुधा पैसे राजाचे आणि हात दुसऱ्याचे असतात. इथे राणीने स्वतः कुंचला धरला होता. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

तरी मला एक खटकते. गंजिफा वाचल्या त्या चित्र म्हणून. मानांकन मिळाले ते कारागिरीला, आणि ते रास्तच आहे. पण पाच रंगांची उलटी उतरंड, दिवसाचा राम आणि रात्रीचा कृष्ण, पडलेल्या पानांचा हिशेब हे सगळे चौकटीत बसवता येत नाही. मोगल बादशहांना, म्हैसूरच्या वडियारांना आणि सावंतवाडीच्या खेम सावंतांना वेड लागले ते या खेळाचे.

सावंतवाडी बघायला दिवसभर पुरतो. मोती तलावाच्या काठाने फिरावे, जांभ्या दगडाचा राजवाडा पाहावा, चितार आळीत मुलांसाठी भातुकली घ्यावी. राजवाड्यात गंजिफा घ्यायच्या असतील तर पूर्ण संच घ्या, सुटी पाने नकोत, आणि त्यासोबत खेळाचे नियमही विचारून घ्या. घरी आलात की चादर अंथरा आणि आणखी दोघांना बोलवा. सुरुवातीला दिवसाचाच डाव मांडा.