तोफेच्या कारखान्यात

हैदराबादेत अबिड्सकडून गनफाउंड्रीच्या गल्लीत वळा आणि विटांच्या त्या जाड भिंतीला हात टेका. भिंत तापलेली लागते. साल 1797. आत भट्टी पेटली आहे, धुरानं डोळे चुरचुरतात, आणि कुणीतरी दख्खनीत खेकसतं, "अजी, बाजू हटो!" कुठले म्हणून विचारलं तर औरंगाबादचे म्हणा, पुण्याचं नाव काढू नका. मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी खर्ड्याला निजाम अली खानाला झोडपलं, ती बोच इथं ताजी आहे. कारखाना त्याच्या फ्रेंच सरदाराचा, रेमंडचा. हिंदू त्याला मुसाराम म्हणतात, मुसलमान मुसा रहीम.

खड्ड्यात साचा उभा पुरलाय, तोफेची जड बाजू खाली. रसाचा सगळा भार बुडावर येतो आणि जिथं बार उडायचा तिथलं ओतकाम घट्ट बसतं. साच्यात ओल राहिली तर धातूत पोकळी राहते. गोलंदाजाला ती कळते तोफ फुटल्यावर.

दाराबाहेर गवतात एक म्हातारी तोफ पडली आहे. ओतीव नाही, घडीव: लोखंडाच्या लांब पट्ट्या, त्यांवर तापवून चढवलेली कडी. फुटकी पंचरसी तोफ वितळवून नवी करता येते. हिच्या वाटेला कोण जाणार? दख्खनच्या किल्ल्यांवर लोखंडी तोफा एवढ्या उरल्या त्या, मला वाटतं, या नालायकीच्या पुण्याईनं.

थोडं पुढं सरका. मार्च 1798 मध्ये रेमंड गेला. 22 ऑक्टोबरला त्याच्या पलटणींना इंग्रजांचा वेढा पडलाय, आणि पगार थकलेल्या शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलंय. लढाई होतच नाही. तोफांचा धनी बदलतो.

आता आजच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात या. काळ्या ऑइलपेंटनं चकाकणारी तोफ. "घडीव आहे, कुतुबशाही," दुकानदार म्हणतो. तो रंगच मला खटकतो. जाणता कारागीर गंज खरवडून थांबत नाही. तोफ महिनोन्महिने अल्कलीच्या पाण्यात ठेवून आतले क्षार काढतो, मग टॅनिक आम्लाचा हात, वर मेण. क्षार राहिले तर रंगाखाली पापुद्रे सुटतच राहतात. तोंडातून टॉर्च मारा. पट्ट्यांचे सांधे दिसतात का? मग परवाना दाखवायला सांगा: 1972 च्या कायद्यानं शंभरी ओलांडलेल्या अशा वस्तूंच्या धंद्याला तो लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेताच येत नाहीत.

दुकानदार चहा मागवतो.