मिक्सोमॅटोसिस : विषाणूतील जननिक बदल व सशांची प्रतिकारक्षमता

यूरोपीय सशांना होणारा एक घातक विषाणुजन्य रोग. देवीच्या विषाणूशी दूरचे नाते असलेला हा विषाणू मूळचा अमेरिका खंडातील असून दक्षिण अमेरिकेतील सिल्व्हिलॅगस वंशाच्या सशात तो त्वचेवर केवळ एखादी साधी गाठ उत्पन्न करतो. यूरोपीय सशात मात्र पापण्या सुजून डोळे मिटतात, डोके व कान यांवर गाठी येतात आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आत मृत्यू ओढवतो. जूझेप्पे सानारेल्ली यांना १८९६ मध्ये माँटेव्हिडिओ (यूरग्वाय) येथील प्रयोगशाळेतील सशांत हा रोग प्रथम आढळला.

ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये शिकारीसाठी सोडलेल्या थोड्या सशांची संतती पुढे कुरणे उजाड करू लागली. त्यांच्या नियंत्रणासाठी १९५० मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात हा विषाणू सोडण्यात आला व डासांमार्फत तो झपाट्याने पसरला. त्याच सुमारास त्या भागात माणसांत मस्तिष्कशोथाची साथ आल्याने घबराट उडाली; तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफर्लेन बर्नेट व इअन क्लूनीज रॉस यांनी हा विषाणू स्वतःस टोचून घेऊन तो मनुष्यास निरुपद्रवी असल्याचे दाखवून दिले. फ्रान्समध्ये १९५२ साली आर्मां-देलील या वैद्याने आपल्या जमिनीवरील ससे हटविण्यासाठी त्याचा दुसरा एक वाण सोडला. तो पश्चिम यूरोपभर पसरला. अशा रीतीने कोणीही योजिलेला नसताना एकच प्रयोग दोन खंडांत स्वतंत्रपणे घडून आला.

फेनर यांनी निरनिराळ्या वर्षी जमविलेले वाण प्रयोगशाळेतील सशांना टोचून उग्रतेनुसार त्यांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गाच्या वाणाने ९९ टक्क्यांहून अधिक, तर पाचव्याने ५० टक्क्यांहून कमी ससे मरत. थोड्याच वर्षांत ७० ते ९५ टक्के ससे मारणारा तिसरा वर्ग प्रबळ ठरला. लवकर मरणाऱ्या सशावरून विषाणू वाहून नेण्यास डासांना फार थोडे दिवस मिळतात, तर अतिसौम्य वाणाच्या गाठी लवकर बऱ्या होतात. याच काळात सशांतही निवड होत होती. लेक युराना (न्यू साउथ वेल्स) येथील, पूर्वी रोग न झालेल्या सशांना ठराविक मध्यम वाण टोचला असता होणारे मृत्यूचे प्रमाण सात साथींनंतर सुमारे ९० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर आले.

या बदलांमागील यंत्रणा कळण्यास जनुकांचा अभ्यास व्हावा लागला. विषाणूच्या डीएनएत सुमारे १,६२,००० आधारक जोड्या असून त्याची कित्येक जनुके सशाची प्रतिकारयंत्रणाच लक्ष्य करतात. एम-टी७ हे प्रथिन इंटरफेरॉन-गॅमाला पकडून निष्प्रभ करते. एम१५६ हे प्रथिन विषाणूची वाढ रोखणाऱ्या पीकेआर या सशाच्या प्रथिनास अडविते. ऑस्ट्रेलियातील काही वाणांत एम१५६ मधील एकच ॲमिनो अम्ल बदलल्याने हे सामर्थ्य नष्ट झाले आहे. उग्र वाण त्वचेतून जवळच्या लसीका ग्रंथीत शिरून तेथील लसीका पेशींचा नाश करतो. सौम्य वाणाला सशाची प्रतिकारक्षमता वेळीच आवर घालू शकते.

तथापि सौम्यतेचे असे एकच जनुक सापडलेले नाही. २०१२ मध्ये दोन्ही खंडांतील वाणांच्या जननिक क्रमांची तुलना केली असता उग्रतेतील सारखेच बदल निरनिराळ्या उत्परिवर्तनांनी घडल्याचे दिसले. काही मोडलेली जनुके प्रयोगशाळेत पूर्ववत केली, तरी उग्रता अपेक्षेप्रमाणे बदलली नाही. सशांच्या बाबतीत मात्र २०१९ मध्ये जुन्या संग्रहालयीन नमुन्यांच्या अभ्यासातून ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व ब्रिटन येथे प्रतिकारक्षमतेशी निगडित अनेक जनुकांत, त्यांत इंटरफेरॉनच्याही एका जनुकात, समान दिशेने बदल झाल्याचे आढळले.

विषाणू कालांतराने सौम्यच होतो, या समजुतीला मिक्सोमॅटोसिसचा दाखला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात गोळा केलेले काही वाण, ज्यांच्या पूर्वजांना हा रोग कधी झालाच नव्हता अशा प्रयोगशाळेतील सशांना टोचण्यात आले. त्यांच्यापैकी कित्येकांत नेहमीच्या गाठी व सूज फारशी दिसलीच नाही. प्रतिकारयंत्रणा एकाएकी कोसळून जंतू शरीरभर पसरले व ससे मृत्युमुखी पडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार, सशांची प्रतिकारक्षमता वाढत गेली तसा विषाणूही ती दडपण्यात अधिक समर्थ होत गेला होता.