पोपटाची उष्टावण

हिवाळा सरता सरता उत्तर भारतात पोपटांच्या ढोल्या पिल्लांनी भरतात, आणि त्याच सुमारास वनखात्याच्या धाडींत टोपल्यांत कोंबलेली, पुरती पिसेही न फुटलेली पिल्ले सापडू लागतात. बातमीत त्यांची संख्या छापून येते. ती पिल्ले पुढे आपल्या चोचीने खायला शिकतात का, हे सहसा कोणी विचारत नाही. ही उपेक्षा नवी नाही.

कामसूत्रातील चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला मानली आहे. त्याच्याही पूर्वी क्टेसियस या ग्रीक वैद्याने आपल्या ‘इंडिका’त भारतीय भाषा बोलणाऱ्या पक्ष्याची नोंद केली होती. पुढे शुकसप्तती, तूतीनामा. पोपट काय बोलतो याकडे आपले लक्ष दोन हजारांहून अधिक वर्षे लागून राहिले आहे. पिल्लू कसे वाढते हे पाहणारे फार थोडे.

त्या थोड्यांत सातव्या शतकातला बाणभट्ट अग्रगण्य. ज्याच्या ग्रंथनामावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, त्या कथेचा बराचसा भाग वैशंपायन नावाचा पोपटच सांगतो. विंध्यारण्यातील जुन्या सावरीच्या ढोलीत तो जन्मला. आई प्रसूतीतच गेली. म्हाताऱ्या बापाला धड उडवत नसे. इतरांच्या घरट्यांतून सांडलेले साळीचे दाणे आणि झाडाखाली पडलेले फळांचे तुकडे वेचून तो पिल्लाला भरवी व उरलेले स्वतः खाई. मग एक शबर झाडावर चढतो, ढोलीढोलीत हात घालून पिल्ले ओढून काढतो आणि मारून खाली टाकतो. वाचलेल्या वैशंपायनाच्या चोचीत एक ऋषिकुमार पाण्याचे थेंब सोडतो. तेराशे वर्षांनंतरही ढोली लुटण्याची रीत जवळपास तीच आहे, फक्त आता पिल्ले जिवंत हवी असतात.

शास्त्रदृष्ट्या बाणाने मर्मावर बोट ठेवले आहे. पोपटाचे पिल्लू आंधळे व उघडे जन्मते. आईबाप अन्न आपल्या अन्नपिशवीत मऊ करून, उलटून त्याला भरवतात. आपल्याकडील साधा पोपट, म्हणजे कंठवाला पोपट, सुमारे सात आठवड्यांनी ढोली सोडतो. पण उडता आले म्हणजे खाता आले, असे नव्हे. त्यानंतरही काही आठवडे आईबाप भरवत राहतात, आणि त्याच काळात पिल्लू दाणा फोडणे, साल टाकणे, फळ पायात धरणे शिकते.

घरगुती परंपरेने मात्र पिल्लापुढे मोठ्या पक्ष्याचे, किंबहुना माणसाचे ताट ठेवले: भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दूधभात, हिरवी मिरची. यातील मिरची पोपटाचे ‘सनातन’ खाद्य वाटते, पण ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली. वैशंपायनाला राजवाड्यात जांभळाचा रस आणि डाळिंबाचे दाणे मिळतात. मिरची पक्ष्यांना झोंबत नाही, कारण तिच्यातील तिखट द्रव्याला त्यांच्या चेतातंतूंवरील ग्राहक दाद देत नाही. तेव्हा तिची फारशी बाधा नाही. दुधाची आहे: त्यातील शर्करा पचवणारे विकर पक्ष्यांत नसते. आणि नुसत्या डाळ-दाण्यांवर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम व अ जीवनसत्त्व कमी पडून हाडे वाकतात, श्वासमार्गाचे विकार जडतात.

पिल्लांच्या आहाराचे नेमके मोजमाप अगदी अलीकडचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रौडीबुश आणि ग्राउ यांनी कॉकाटीलची पिल्ले हाताने वाढवून १९८६ मध्ये दाखवले की वाढीसाठी आहारात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात, आणि पहिल्या दिवसांतले पातळ अन्न पुढे घट्ट करावे लागते. अंदाजाच्या जागी आकडे आले ते तेव्हा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापारही पूर्ण बंद आहे. म्हणून घरी कायदेशीरपणे दिसतात ते बजरीगर, कॉकाटील यांसारखे परदेशी पक्षी. ढोलीतून पडलेले देशी पिल्लू सापडले तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे.

पण पिल्लू कोणतेही असो, भरवणे एका दिवसात तोडता येत नाही. मोड आलेली धान्ये, शिजवलेला भोपळा, किसलेले गाजर, शेवग्याचा पाला दिवसभर समोर ठेवतात, कारण आधी ते नुसते चिवडते, मग चाखते आणि बऱ्याच दिवसांनी गिळते. चोच हलते म्हणून पोट भरले असे समजणे घातक ठरते. पिल्लाला रोज सकाळी उपाशीपोटी तोलतात. उडण्याच्या सुमारास वजन थोडे उतरणे स्वाभाविक. ते उतरतच राहिले, किंवा पिल्लू पुन्हा मान हलवून केविलवाणे ओरडू लागले, तर संध्याकाळचा कोमट घास पुन्हा सुरू करावा लागतो.