शुश्रूषा कोणाची, नोंद कोणाची?

वर्धा जिल्ह्यातील शुश्रूषेचा इतिहास सांगू लागले की तो सेवाग्रामच्या परचुरे कुटीपाशी येऊन थांबतो. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधींचे सहबंदी. (पुणे करार झाला तो याच तुरुंगात, याच साली.) महारोगाने जर्जर झालेले शास्त्री पुढे आश्रमाच्या दाराशी आले, तेव्हा गांधींपुढे खराच पेच उभा राहिला. आश्रमात मुलेबाळे होती, संसर्गाची धास्ती होती. आणि आलेल्या माणसाला परत धाडणे मनाला पटत नव्हते. त्यांनी आश्रमवासीयांची संमती घेतली, शास्त्र्यांना जवळच कुटी दिली आणि त्यांचे अंग चोळण्याचे काम स्वतःकडे घेतले. गुणकारी औषध तेव्हा नव्हते. चालमोग्र्याचे तेल आणि जखमा धुणे, एवढाच उपचार. त्याच्या आधीच, १९३६ साली, मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले होते. हे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. आम्ही ते नाकारीतही नाही.

प्रश्न वेगळा आहे. गांधी राहायला गेले ते सेगाव बहुसंख्य अस्पृश्यांचे गाव. जखम, मल, रक्त, प्रेत यांना हात लावण्याचे काम तिथल्या वस्तीला नवे नव्हते. आश्रमात जे व्रत झाले, ते वस्तीत जन्माबरोबर पदरी पडलेले होते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या होकाराला वीरता म्हणायचे, आणि जिला नाही म्हणण्याची सोयच नाही तिच्या कामाला जातीचा धंदा म्हणायचे, असा आपल्या इतिहासलेखनाचा हिशेब आहे.

सुईणीचेच पाहा. गावोगावी हे काम मांगवाड्यातल्या किंवा अशाच एखाद्या वस्तीतल्या बाईकडे असे. मध्यरात्री बोलावणे आले की उठायचे, वाड्याच्या मागल्या दाराने आत जायचे. बाळ हातात येईपर्यंत तिचा स्पर्श चाले. नाळ कापली, वार पुरली की तोच स्पर्श विटाळ. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, जुने लुगडे. बाळ दगावले तर बोल तिच्यावर.

१९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भातल्या आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली. ढोर ओढणे बंद केले, त्यासाठी बहिष्कार सोसले. पण मेलेल्या ढोराला नकार देता येतो; अडलेल्या बाईला कसा द्यायचा? गेली तर जुनी गुलामी चालू राहते, न गेली तर दोन जीव जातात. आमच्या चळवळीने पुरुषांच्या नकाराचे पोवाडे गायिले, पण सुईणीच्या या पेचावर ती फारशी बोलली नाही. हा दोष आपल्याच पदरी घ्यावा लागेल.

पुढे शुश्रूषेला पगार आला, प्रशिक्षण आले. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात निघाले आणि पाहणी, आरोग्यशिक्षण, उपचार या पद्धतीने कार्यकर्ते घरोघर फिरू लागले. त्यांचा पेच निराळा. सुनेच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला. सांगावे तर सासर तिला बाहेर काढणार, न सांगावे तर औषध सुरू होत नाही, बोटे झडतात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वाढले, १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय झाले. वस्तीतल्या मुलींना परिचारिकेची नोकरी हा शिक्षणाने उघडलेला दरवाजा वाटला, आणि तो खराच होता. मात्र रुग्णालय कोणतेही घ्या, बेडपॅन, रक्ताळलेल्या चादरी, ओकारी ही कामे आया आणि सफाई कामगारांकडे. ते बहुतेक कोणत्या वस्तीतून येतात, हे निराळे सांगायला नको. रुग्णाच्या कागदावर डॉक्टरची सही असते, नर्सची असते. रात्रभर उशाशी बसलेल्या आयेची नसते.

जिल्ह्यातल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. म्हाताऱ्या सुईणी, निवृत्त आया अजून हयात आहेत. त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे. किती बाळंतपणे केली ते विचाराच. आणि काम आटोपल्यावर हात धुवायला पाणी कोण, किती उंचावरून ओतत असे, तेही विचारा.